तेलाअभावी निकामी झालेले इंजिन : निदानाची पद्धत

शर्यतीच्या लहान मोटारसायकलचे इंजिन अचानक थांबले की कार्यशाळेत लगेच निर्णय दिला जातो, "पिस्टन पकडला." हे परिणामाचे नाव आहे, कारणाचे नव्हे. कारण न शोधता नवा पिस्टन व बोअर बसवला तर तोही थोड्याच वेळात त्याच वाटेने जातो. खर्च दुप्पट होतोच, शिवाय वेगात इंजिन जाम झाले की मागचे चाक अडते आणि स्वार फेकला जातो. म्हणून दुचाकी दुरुस्तीचे वर्ग घेणाऱ्या अध्यापकांनी जोडणीइतकेच निदानही शिकवणे आवश्यक आहे.

त्यासाठी बालाघाटच्या विद्यार्थ्यापुढे शर्यतीचेच इंजिन असायला हवे असे नाही. 1985 मध्ये आलेल्या हीरो होंडा सीडी 100 चे 97.2 सीसीचे इंजिन, किंवा त्याच 50 गुणिले 49.5 मिलिमीटर मापाचे स्प्लेंडरचे इंजिन पुरेसे आहे. अशा चार-स्ट्रोक इंजिनात जेमतेम लिटरभर तेल असते. पंप ते तळातून उचलून क्रँककडे व वर हेडमधील कॅमकडे पाठवतो. तेच तेल क्लच आणि गिअरलाही पुरते.

वळणावर तेल एका बाजूला जाते, असा एक समज आहे. मोटारगाडीबाबत तो खरा आहे. मोटारसायकल मात्र वळणात झुकते, त्यामुळे तेलावरचा एकूण दाब गाडीच्या तळाकडेच राहतो. खरा धोका जोरदार ब्रेक, जोरदार वेग किंवा पुढचे चाक उचलण्याच्या वेळी असतो. तेल पुढे किंवा मागे सरकते, जाळी उघडी पडते आणि पंप हवा ओढू लागतो. तेलाची पातळी थोडी जरी कमी असेल तरी हे लवकर घडते.

निदानाची सुरुवात इंजिन खोलण्यापूर्वीच होते. तेल मापात काढून मोजावे, वास घ्यावा (पेट्रोल मिसळून पातळ झालेले तेल पातळी पूर्ण दाखवते, पण थर टिकवत नाही) आणि पांढऱ्या कापडातून गाळावे. कापडावरचे कण चुंबकाला चिकटले तर ते पोलादाचे. न चिकटणारे चंदेरी कण ॲल्युमिनियमचे, म्हणजे पिस्टनचे किंवा हेडचे. पिवळसर तांबूस चमक दिसली तर तांब्याच्या मिश्रधातूची बुश झिजते आहे असे समजावे. मलाजखंडच्या जिल्ह्यातील विद्यार्थ्यांना हा रंग निराळा सांगावा लागू नये.

खोलल्यानंतर नुकसान कोठे आहे यावरून तेल कोठे अडले ते ठरते. फक्त कॅमचे उंचवटे आणि रॉकरची टोके ओरबाडली असून क्रँक निरोगी असेल, तर पंप चालू होता आणि हेडकडे जाणारी वाट बंद होती. चुकीचे गॅस्केट किंवा आत सुटलेला सीलंटचा तुकडा हे नेहमीचे दोषी. कॅम, पिस्टन आणि कनेक्टिंग रॉडचा खालचा बेअरिंग असे तिन्ही गेले असतील, तर पातळी, जाळी किंवा पंप तपासावा. कॅम व क्रँक स्वच्छ आणि फक्त पिस्टन ओरबाडलेला असेल, तर तेलाला दोष देण्याची घाई करू नये. पातळ मिश्रण, अति उष्णता किंवा बोअरमधील अपुरी मोकळीक यांचा विचार आधी करावा. बारीक, सरळ, उभ्या रेघा बहुधा धुळीच्या असतात आणि त्या वेळी एअर फिल्टर पाहावा.

रॉडच्या खालच्या टोकाचा रंग हा मोठा साक्षीदार आहे. घासलेले पोलाद सुमारे 220 ते 230 अंश सेल्सिअसला फिकट पिवळे आणि 300 च्या आसपास निळे होते. मात्र काही नव्या रॉडलाही कारखान्यातील उष्णता-प्रक्रियेची छटा असते, म्हणून शेजारी नवा रॉड ठेवूनच निर्णय द्यावा. रॉडची बाजूकडची हालचाल मुद्दाम ठेवलेली असते. बेअरिंग गेल्याची खूण म्हणजे वर-खाली जाणवणारा ढिलेपणा.

जोडणीनंतर लगेच किक मारून इंजिन सुरू करू नये. स्पार्क प्लग काढून, टॅपेटचे झाकण उघडे ठेवून इंजिन फिरवावे आणि रॉकरजवळ तेल आलेले डोळ्यांनी पाहावे. तेल आले नाही तर पुन्हा खोलावे.