मैफलीतला गवई आणि वर्गातला मास्तर

लालबागचा राजवाडा पाहायला आलेला पाहुणा आधी फाटकाचे कौतुक करतो. ते लंडनच्या बकिंगहॅम राजवाड्याच्या फाटकाच्या धर्तीवर घडविलेले. मग खान नदीकाठची बाग, मग दिवाणखान्यांची छते. दरबारी वादकाच्या मुलाची नजर मात्र बैठकीची जागा शोधते. मालक कोठे बसत असतील, वादक कोठे, आणि दोघांत अंतर किती! दरबारी कलावंताला एका माणसाची मर्जी सांभाळावी लागे. ती सांभाळली की बाकीच्या माना आपोआप डोलत. शाळेतल्या मास्तराचे तसे नाही. त्याच्यापुढे पन्नास मालक बसलेले असतात, आणि त्यांतल्या निम्म्यांना गाणे ऐकायचेच नसते.

हल्ली शिक्षकांच्या शिबिरांत ‘नेतृत्वगुण’ हा शब्द फार कानी पडतो. शब्द जरा जड आहे, पण गोष्ट आम्हा गाण्याच्या मास्तरांना परकी नाही.

लालबागचे काम १९२१ साली पुरे झाले. त्याच्या तीनच वर्षे आधी, १९१८ साली, ग्वाल्हेरीस माधवराव शिंद्यांनी संगीत विद्यालय काढले आणि त्याची घडी बसविण्याचे काम पंडित भातखंडे यांच्याकडे दिले. शिक्षक आणायचे कोठून? भातखंड्यांनी ग्वाल्हेरचेच काही गवई निवडले आणि त्यांना मुंबईस नेऊन आधी स्वतः शिकविले. राजाभैया पूछवाले त्यांतले एक. वय पस्तिशीचे, तालीम शंकर पंडितांची, गावात नाव झालेले. आणि समोर शिकवायला कोण, तर पेशाने वकील! अशा वेळी किती गवई स्वरलिपी गिरवायला बसले असते? राजाभैया बसले. पुढे त्याच विद्यालयाचे ते प्राचार्य झाले आणि विद्यार्थ्यांसाठी त्यांनी ‘तानमालिका’ लिहिली. तान घेऊन लोकांना थक्क करणे निराळे, आणि ती कागदावर मांडून दुसऱ्याच्या हाती देणे निराळे. दरबारी घरांतून तर चीज लपवून ठेवण्याचीच रीत होती!

विष्णु दिगंबर पलुसकरांनी १९०१ साली लाहोरास गांधर्व महाविद्यालय काढले. नुसते गवई घडवून त्यांचे समाधान नव्हते. शिक्षक तयार व्हावेत म्हणून त्यांनी उपदेशक वर्ग चालविला. मुंबईतली त्यांची इमारत पुढे कर्जापायी लिलावात गेली. १९३१ साली बुवा वारले. पण देवधर मास्तर १९२५ पासून मुंबईत स्वतःची शाळा चालवीतच होते. विनायकबुवा पटवर्धनांनी १९३२ साली पुण्यात विद्यालय सुरू केले. ओंकारनाथ ठाकूर पुढे काशीच्या हिंदू विश्वविद्यालयात शिकवू लागले. इमारत गेली, शाळा वाढल्या.

एवढी मोठी माणसे सोडा. तुमच्या-आमच्या शाळेत सुरुवात प्रार्थनेपासून करावी. पेटीवर आपल्या गळ्याला सोयीचा स्वर धरायचा आणि मुलांना त्यात ओढायचे, ही आम्हा गवयांची जुनी खोड. स्वर मुलांच्या गळ्यावरून ठरावा. आठवी-नववीतल्या ज्या मुलांचा आवाज फुटत असतो, त्यांना मागच्या रांगेत गप्प उभे करू नये. टाळ द्यावेत, ठेका द्यावा. आणि प्रार्थना उचलण्याची पाळी रोज वेगळ्या मुलाची असावी. ‘मास्तर, चुकेल!’ म्हणून मूल मागे सरते. चुकू द्यावे. मास्तराने तोंड मिटून उभे राहावे, आणि हेच सर्वांत कठीण आहे.

खरा कस मात्र वर्गात लागत नाही, शिक्षकांच्या खोलीत लागतो. परीक्षा जवळ आली की गाण्याचा तास गणिताला जातो. भांडून तो परत मिळत नाही; मिळालाच तर मैत्री जाते. आमच्याकडे गणिताच्या बाईंना मी एकदा ठेक्याच्या वर्गात बसविले. मुलांनी हातावर टाळ्या देत तीनतालाच्या सोळा मात्रांत चोवीस बसवून दाखविल्या. बाईंनी लगेच खडू घेतला, दीडपटीचा अपूर्णांक फळ्यावर मांडला, आणि मुलांना पुन्हा टाळ्या द्यायला लावल्या. दोन मुले समेवर आली नाहीत, तर त्यांना थांबवून कोठे घसरली हे त्यांच्याकडूनच काढून घेतले. मी बाकावर बसून होतो.

आता जानेवारीत तासांची ओढाताण सुरू झाली, की गाण्याचा तास ठेवा म्हणून मुख्याध्यापकांकडे त्या बाईच जातात.