नाम, अभिज्ञापक आणि खात्याचा शोध

विशेषनाम एका विशिष्ट व्यक्तीचा निर्देश करते, असे व्याकरण सांगते. परंतु ते त्या एकाच व्यक्तीचा निर्देश करील अशी हमी व्याकरण देत नाही. 'कुलकर्णी यांचे खाते बंद करावे' अशी सूचना कचेरीत आली, तर अनुभवी कारकून प्रथम 'कोणते कुलकर्णी?' असे विचारतो. हीच सूचना कृत्रिम बुद्धिमत्तेवर चालणाऱ्या एजंटास दिली असता काय घडते, हा प्रश्न संगणकशास्त्राचा आहे तितकाच अर्थविचाराचाही आहे.

मोठ्या संस्थांतील वापरकर्त्यांची खाती एका मध्यवर्ती ओळख-व्यवस्थापन प्रणालीत ठेवलेली असतात. २०१४ साली प्रथम प्रसिद्ध झालेली 'कीक्लोक' ही मुक्तस्रोत प्रणाली त्यांपैकी एक होय. अशा प्रणालींशी एजंटाचा संबंध जोडण्याचा एक मार्ग म्हणजे २०२४ च्या नोव्हेंबरात जाहीर झालेला 'मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल' हा संकेत. त्यात प्रत्येक साधनाचे नाव, त्याचे भाषेत लिहिलेले वर्णन आणि त्यास पुरवावयाच्या माहितीचा आराखडा दिलेला असतो. भाषा-प्रतिमान वर्णन वाचून साधन निवडते आणि वापरकर्त्याच्या वाक्यातून शोधशब्द वेगळा काढते; पुढील शोध मात्र प्रणाली आपल्या ठराविक नियमांनी करते. वाक्य आणि नियम यांच्या ह्या सांध्यावरच घोटाळा संभवतो.

कीक्लोकमधील सर्वसाधारण शोध शब्दाच्या आरंभाशी जुळणी पाहतो. 'वसंत' हा शब्द दिला असता 'वसंतराव' हेही जुळते. आता यादीत 'वसंत' नावाचे कोणी नसून 'वसंतराव' मात्र एकच असतील, तर शोधाचे फल एकच येईल, आणि ते चुकीचे असेल. फल एकच आले म्हणून व्यक्ती निश्चित झाली, हे अनुमान म्हणूनच सदोष ठरते. तंतोतंत जुळणीची मागणी स्वतंत्रपणे करावी लागते. शिवाय मर्यादा सांगितली नसल्यास एका वेळी जास्तीत जास्त १०० खातीच परत येतात. तेवढीच यादी पूर्ण मानणारा एजंट उरलेली खाती नाहीतच असे समजून चालेल.

फल शून्य आले तरी निष्कर्ष सावधपणेच काढावा लागतो. मराठी वाचकास परिचित असे उदाहरण 'कऱ्हाडे' ह्या आडनावाचे आहे. त्यातील अर्धा ऱ युनिकोडमध्ये एकाहून अधिक प्रकारे लिहिता येतो. स्वतंत्र 'ऱ' हे चिन्ह आणि 'र' ला नुक्ता जोडून केलेले चिन्ह ही दोन्ही प्रमाणीकरणाने एकरूप होतात. परंतु 'र', हलन्त आणि अदृश्य जोडचिन्ह अशा क्रमाने लिहिलेले रूप डोळ्यांस तसेच दिसत असूनही युनिकोडच्या प्रमाणीकरणाने पहिल्याशी एकरूप होत नाही. एका पद्धतीने नोंदविलेले नाव दुसऱ्या पद्धतीने शोधले, तर खाते असूनही 'सापडले नाही' असे उत्तर येऊ शकते. मग त्याच व्यक्तीचे दुसरे खाते उघडले जाते. येथे लिपीचे दृश्य रूप आणि तिचे संकेतरूप यांतील भेद प्रत्यक्ष व्यवहारात परिणाम घडवितो.

ह्या अडचणीवरील उपाय म्हणजे अभिज्ञापक. कीक्लोक प्रत्येक खात्यास सामान्यतः ३६ अक्षरचिन्हांचा, स्वतः कोणताही अर्थ नसलेला एक अभिज्ञापक देते. खात्यांच्या देवाणघेवाणीसाठी २०१५ साली प्रमाणित झालेल्या 'स्किम' संकेतानेही अभिज्ञापक स्थिर असावा आणि तो पुन्हा दुसऱ्यास दिला जाऊ नये, असे बंधन घातले आहे. विवाहानंतर नाव बदलते, आडनावाचे रोमन लेखन बदलते, सोडून गेलेल्याचा ई-मेल पत्ता कधी दुसऱ्यास मिळतो. अभिज्ञापक मात्र ह्यांपैकी कशाशीही बांधलेला नसतो. त्याची अर्थशून्यता हेच त्याच्या स्थैर्याचे कारण होय.

यावरून खातेशोधाची रीत ठरते. नाम हे केवळ शोधाचे साधन मानावे. कृती अभिज्ञापकावरच करावी. दोहोंच्या मध्ये निश्चितीची पायरी असावी : सापडलेली खाती विभाग, ई-मेल पत्ता अशा दुसऱ्या एखाद्या खुणेसह आज्ञा देणाऱ्यापुढे ठेवावीत आणि त्याने निवड केल्यावरच पुढे जावे. कीक्लोकमध्ये वापरकर्ते पाहण्याचा अधिकार आणि त्यांच्यात फेरफार करण्याचा अधिकार वेगळे ठेवता येतात. केवळ शोधासाठी नेमलेल्या एजंटास दुसरा अधिकार देण्याचे कारण नाही. तसेच खात्यात वापरकर्त्याने स्वतः भरलेला मजकूर ही माहिती होय, आज्ञा नव्हे. त्यातील एखादे आज्ञार्थी वाक्य एजंटाने पाळू लागणे म्हणजे उद्धृत वाक्यास वक्त्याचे वाक्य समजणे होय.

मानवी संभाषणात नामाचा निर्देश प्रसंग आणि पूर्वपरिचय यांनी निश्चित होतो, आणि तो निश्चित न झाल्यास श्रोता प्रश्न करतो. एजंटाजवळ तो पूर्वपरिचय बहुधा नसतो. भलत्याच व्यक्तीचे खाते बंद पडून तिचे काम अडू नये, यासाठी कारकुनाचा तो साधा प्रश्न एजंटाच्या कार्यपद्धतीत मुद्दाम घालून ठेवणे अगत्याचे आहे.