वायनरीच्या तळघरात

वाईनसाठी नाशिक गाठावं. राज्याच्या २००१च्या द्राक्ष प्रक्रिया धोरणानंतर तिथे छोट्या वायनरीही उभ्या राहिल्या. तोडणी साधारण जानेवारी ते मार्च. रेड वाईनचा रस सालींसकट आंबतो. आंबताना सुटणाऱ्या वायूमुळे साली वर येऊन त्यांचा जाड थर बनतो. तो दिवसातून दोन-तीनदा खाली दाबावा लागतो. हयगय झाली की थर सुकतो, व्हिनेगरचा वास सुटतो. व्हाईटसाठी मात्र रस आधीच पिळून घेतात. चाखताना ग्लास तिसऱ्या हिश्श्यापर्यंत भरा, फिरवा, आधी हुंगा. घोट थुंकण्यात कमीपणा नाही. वाईन बनवणारे थुंकतातच, नाहीतर दहाव्या नमुन्याला जीभ काय सांगणार? ७५० मिलीच्या बाटलीला किलोभराहून थोडी जास्त द्राक्षं लागतात.