तीन त्रिक नऊ, आणि टाळी!

मैत्रिणींनो, आधी एक कबुली देते. कासुर्डीत संसार करून मला बावीस वर्षं झाली. आमच्याकडून सोलापूर रस्त्याला लागलं, यवत मागं टाकलं, की थोड्या वेळात चौफुला येतो. शिरूर-न्हावऱ्याकडून येणारा रस्ता तिथं मोठ्या रस्त्याला छेदून सुप्याकडे जातो, म्हणून तो चौफुला. पण चौफुल्याचं नाव काढलं की लोक गालात हसतात, ते काही रस्त्यामुळं नव्हे, तिथल्या कलाकेंद्रांमुळं. एस.टी.तून त्या पाट्या दिसल्या की आपण बायका पदर सावरतो आणि दुसऱ्या खिडकीतून बाहेर बघतो. मीही तशीच बघत आले.

आता झालं काय, आमचा थोरला पुण्याला शिकतो. दिवाळीला घरी आला तो कानात बोंडं घालूनच. मी चकल्या तळत होते. म्हटलं, "एवढं काय रे ऐकतोस?" त्यानं एक बोंडू माझ्या कानात घातलं आणि म्हणाला, "आई, याला मॅथ रॉक म्हणतात. गणिताचं गाणं." अमेरिकेत स्लिंट नावाच्या पोरांनी १९९१ साली 'स्पायडरलँड' म्हणून एक तबकडी काढली. ती बाजारात आली तेव्हा त्यांचा संच मोडलाही होता, फारशी कुणी विकत घेतली नाही. आज मात्र जाणकार तिच्याकडे बोट दाखवतात. जपानातही 'टो' नावाचा असा एक संच आहे. साध्या चार मात्रांत न बसता पाचात, सातात खेळायचं, ही यांची खासियत.

मी झारा हातात धरून बोटांच्या पेरांवर मोजायला लागले. सात! आमच्या महिला भजनी मंडळात टाळ धरते, त्यामुळं मात्रा मोजायची खोड आहे. सात मात्रांचा रूपक काही आपल्याला नवा नाही, तसंच दहाचा झपतालही. मुलगा म्हणाला, "आपल्याकडे असे हिशेब कोण वाजवतं गं?" आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "चौफुल्याचे ढोलकीवाले."

"तुला काय ठाऊक?" पोरगा बघतच राहिला. सासूबाईंची माळ थांबली. चकली करपली ती वेगळीच.

तर सांगते. काही वर्षांपूर्वी तालुक्याच्या गावी फक्त बायकांसाठी लावणीचा कार्यक्रम होता. शेजारणीनं ओढून नेलं. जागा मिळाली ती अगदी पुढं, वादकांच्या बाजूला. सगळ्या जणी नाचणारीची नऊवारी बघत होत्या आणि मी त्या ढोलकीवाल्याचे हात बघत होते. तेव्हापासून मी या मंडळींची चाहती आहे, हे आज पहिल्यांदा लिहिते आहे.

आपण सगळ्यालाच 'तमाशा' म्हणतो, पण त्यात फरक आहे. फडाचा तमाशा गावोगाव तंबू ठोकत फिरतो. त्यात गण, गौळण, वग असतो. संगीत बारी म्हणजे थिएटरात मुक्काम करून राहणारी छोटी पार्टी. गाणाऱ्या-नाचणाऱ्या बायका आणि साथीला पेटी, तबला, ढोलकी, एवढाच काय तो संसार. पार्टीला नाव असतं ते बहुधा मालकिणीचं.

आणि ती ढोलकी! उजव्या पुडीला शाई, डावीला आतून मसाला. म्हणून एक बाजू टणत्कार करते आणि दुसरी घुमते. लावणीचा ठेका बहुतेक आठ मात्रांचा. आता घरच्या घरी एक गंमत करून बघा. कुकर लावला की ओट्यावर एक ते आठ मोजत राहा. मग 'एक'पासूनच तीन मात्रांचा तुकडा तीनदा वाजवा. तीन त्रिक नऊ. आठ संपून नववी थाप पडते ती बरोबर पुढच्या 'एक'वर, म्हणजे समेवर! हीच तिहाई. पाचाचा तुकडा घ्या, मध्ये एकेक मात्रा गप्प राहा. पाच, एक, पाच, एक, पाच म्हणजे सतरा. दोन आवर्तनं सोळाची, सतरावी थाप पुन्हा समेवर. आपण कागदावर मांडू तो हिशेब हा माणूस हसत हसत, समोरच्या बाईच्या चाळांकडं बघत जमवतो. ती ऐन वेळी गिरकी लांबवते, तर याचाही हिशेब त्याच क्षणी बदलतो. शाळेत गणिताला घाबरणाऱ्या मला त्या दिवशी गणिताचं हसू आलं.

पण कौतुक कुणाच्या वाट्याला? 'सांगत्ये ऐका' १९५९ साली आला आणि पुण्याच्या विजयानंदला १३१ आठवडे चालला. 'पिंजरा' १९७२ चा. ती गाणी आपण स्वयंपाकघरात गुणगुणतो. वाईच्या यमुनाबाईंना २०१२ साली पद्मश्री मिळाली. २०१८ मध्ये त्या गेल्या तेव्हा आपण हळहळलो. पण त्यांच्या ढोलकीवाल्याचं नाव आपल्यातल्या किती जणींना सांगता येईल? मलाही येत नाही. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली, थिएटरं महिनोन् महिने बंद राहिली. रोजच्या बारीवर ज्यांचं पोट, त्यांची चूल कशी पेटली असेल? त्यातून आता तयार गाण्यावर नाचायची टूम निघाली आहे. मशीनला ना जेवण लागतं, ना बिदागी. पण मशीन गिरकीकडं बघत नाही, बायांनो.

कुणी म्हणेल, तिथं काय काय चालतं ते वर्तमानपत्रात येतंच की. येतं, नाही कशाला म्हणू? तिथल्या बायकांनाही त्याचा त्रास होतच असणार. पण खिडकीतून तोंड फिरवून तो त्रास कमी होतो का? तोंड फिरवलं की कलाही दिसेनाशी होते आणि माणसंही.

म्हणून यंदा संक्रांतीच्या हळदीकुंकवाला मंडळात मी विषय काढणार आहे. वाण थोडं हलकं घेऊ, पण एक पार्टी दुपारी सन्मानानं बोलावू. ठरलेली बिदागी आधी देऊ, जेवू घालू, आणि माईकवरून वादकांचीही नावं घेऊ.

राहिल्या सासूबाई. त्या दिवशी त्या काहीच बोलल्या नाहीत. रात्री भांडी आवरताना मात्र हळूच म्हणाल्या, "आमच्या लहानपणी जत्रेत बैलगाडीआडून ऐकायचो आम्ही पोरी. ढोलकी थांबली की छातीत धस्स व्हायचं." मी विचारलं, "मग येणार ना हळदीकुंकवाला?"

"बघू," म्हणाल्या. पण बोटं मात्र ताटावर वाजत होती. मी मोजली, नवव्या थापेला बरोबर थांबली!