रिफ्रेश मारून संगणक वेगवान होत नाही

घरचा संगणक रेंगाळू लागला की सल्ले द्यायला सगळे पुढे येतात. भिलाईच्या सेक्टरांमधल्या क्वार्टर्समध्ये मुलांचा अभ्यास आणि निवृत्तांची पेन्शनची कामं बहुधा एकाच जुन्या डेस्कटॉपवर चालतात. अशा घरांत या सल्ल्यांपायी वेळ जातो, कधी पैसेही जातात.

सगळ्यात लाडका सल्ला रिफ्रेशचा. त्याने डेस्कटॉपवरचे आयकॉन पुन्हा रेखाटले जातात, एवढंच. रॅम तसूभरही मोकळी होत नाही.

रॅम रिकामी असणं चांगलं, ही समजूतही चुकीची आहे. पुढे लागेल असं वाटणारं साहित्य विंडोज मोकळ्या रॅममध्ये आधीच आणून ठेवतं आणि दुसऱ्या प्रोग्रॅमला गरज पडली की ती जागा लगेच सोडतं. ‘रॅम बूस्टर’ हे साहित्य बाहेर काढतो, मग तेच पुन्हा डिस्कवरून वाचावं लागतं. ‘प्रीफेच’ फोल्डर पुसण्याचा सल्लाही तसाच. कोणता प्रोग्रॅम उघडताना कोणत्या फायली लागतात, याच्या नोंदी तिथे असतात. त्या पुसल्या की पुढच्या वेळी प्रोग्रॅम उलट हळू उघडतात. विंडोजच्या ‘एमएसकॉन्फिग’ या सेटिंगच्या खिडकीत प्रोसेसरची संख्या वाढवून तर काहीच घडत नाही, कारण विंडोज सगळे कोअर आधीपासून वापरत असतं. ती सेटिंग आहे संख्या कमी करून तपासणी करण्यासाठी.

रजिस्ट्री साफ करणारी सॉफ्टवेअर विकत घेऊ नका. नको असलेल्या नोंदी काढून वेग वाढल्याचं जाणवत नाही, पण चुकीची नोंद उडाली तर विंडोज सुरूच न होण्याची भीती असते. अशा साधनांचा मायक्रोसॉफ्ट स्वतःच पुरस्कार करत नाही.

रोज शटडाउन केलं की संगणक ताजातवाना होतो, असं अनेकांना वाटतं. विंडोज ८ पासून, म्हणजे २०१२ पासून, ‘फास्ट स्टार्टअप’ चालू असेल तर शटडाउन करताना प्रणालीचा गाभा डिस्कवर जपून ठेवला जातो आणि सकाळी तोच परत उचलला जातो. अडखळणारा ड्रायव्हरही त्याच्यासोबत परत येतो. खरी नवी सुरुवात हवी असेल तर ‘रीस्टार्ट’ करा.

मग सेटिंग बदलून काहीच मिळत नाही का? मिळतं, पण दुखणं कुठे आहे ते आधी पाहावं लागतं. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाबून टास्क मॅनेजर उघडा. ‘स्टार्टअप’ विभागात संगणकासोबत आपोआप सुरू होणारे प्रोग्रॅम दिसतील. ओळखीचे पण रोज न लागणारे बंद करा. दोन अँटिव्हायरस असतील तर एक काढा. सी ड्राइव्ह काठोकाठ भरला असेल तर तो मोकळा करा. जुन्या यंत्रावर हलत्या खिडक्यांचे दृश्यपरिणाम बंद केल्यानेही थोडा फरक पडतो. फक्त अक्षरांच्या कडा गुळगुळीत ठेवणारी खूण काढू नका, नाहीतर देवनागरी वाचताना डोळे शिणतात.

भिलाईत उन्हाळ्याचा हिशेबही धरायला हवा. मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो. पंख्याच्या जाळीत धूळ साचली असेल तर तापलेला प्रोसेसर स्वतःला वाचवण्यासाठी वेग उतरवतो. दुपारी मंद आणि पहाटे बरा चालणारा संगणक दिसला की व्हायरसवर खापर फोडण्याआधी वीज बंद करून कॅबिनेटमधली धूळ काढा. ‘पॉवर सेव्हर’ योजना चालू असेल तर ‘बॅलन्स्ड’ निवडा.

इतकं करूनही टास्क मॅनेजरमध्ये ‘डिस्क’ सतत १०० टक्क्यांवर दिसत असेल आणि आत जुनी फिरती हार्डडिस्क असेल, तर बहुतेक वेळा दोष तिचाच असतो. तिला विखुरलेल्या फायलींपैकी प्रत्येकीपर्यंत पोहोचायला साधारण १० मिलिसेकंद लागतात. फिरते भाग नसलेल्या नव्या प्रकारच्या डिस्कला, म्हणजे एसएसडीला, त्याच्या शंभराव्या भागाहूनही कमी. हा फरक कोणतीही सेटिंग भरून काढू शकत नाही. हार्डडिस्कच्या जागी एसएसडी बसवल्यावर तिच्यासाठी डीफ्रॅगची वेगळी सॉफ्टवेअर वापरू नका. तिची निगा विंडोज स्वतः राखतं, त्या सॉफ्टवेअरने उगाच लेखन मात्र वाढतं.

दुकानदार फॉरमॅट सुचवेल तेव्हा आधी डिस्क तपासून घ्यायला सांगा. आणि यंत्र त्याच्या हाती देण्यापूर्वी घरचे फोटो, मुलांच्या नोट्स, पेन्शनची कागदपत्रं यांची प्रत दुसऱ्या डिस्कवर नक्की काढून ठेवा.