विश्लेषण : सावजी मसाल्यातले झिंगे एअर फ्रायरमध्ये करपतात का? बिघडते कुठे, जमते कसे?

नागपूरच्या अनेक स्वयंपाकघरांत आता मिक्सर, इंडक्शनच्या शेजारी एअर फ्रायर दिसू लागला आहे. बटाट्याचे काप, पापड, कबाब जमले की पुढचा प्रयोग झिंग्यांचा होतो. इंटरनेटवरची पाककृती पाहून झिंग्यांना सावजी मसाला चोळला जातो, १० मिनिटांचे टायमर लावले जाते. मग डबा उघडताच घरभर ठसका उठतो. मसाला काळा पडलेला, झिंगे रबरासारखे आणि पाव किलोचे पैसे वाया. दोष यंत्राचा, मसाल्याचा की झिंग्यांचा? उत्तर या तिन्हींच्या स्वभावात आहे.

एअर फ्रायर खरेच तळतो का?

नाही. नावात ‘फ्रायर’ असले तरी ते एक लहान, बंदिस्त ओव्हन आहे. वरच्या बाजूला तापणारी कॉइल असते, तिच्यावर वेगाने फिरणारा पंखा. पंखा तापलेली हवा खाली ढकलतो, जाळीच्या डब्यातून ती पदार्थाभोवती फिरते आणि पुन्हा वर जाते. नेदरलँड्सचे फ्रेड व्हॅन डर वेज यांनी विकसित केलेले हे तंत्र फिलिप्स कंपनीने २०१० मध्ये बर्लिनच्या प्रदर्शनात बाजारात आणले.

कढईत पदार्थ तेलात बुडतो. तेल त्याला सर्व बाजूंनी चिकटून उष्णता देते, त्यामुळे काही सेकंदांत कवच तयार होते. हवा हे काम तेलाइतक्या जोमाने करू शकत नाही. म्हणून एअर फ्रायरमध्ये पृष्ठभाग कोरडा असणे ही पहिली अट ठरते. पृष्ठभागावर पाणी आहे तोवर तिथले तापमान १०० अंश सेल्सियसच्या फार वर जात नाही. पदार्थाला तांबूस रंग आणि भाजल्याचा खमंग वास देणारी प्रक्रिया मात्र साधारण १४० अंशांच्या आसपास वेग घेते. एक ग्रॅम उकळत्या पाण्याची वाफ व्हायला सुमारे २,२६० ज्यूल ऊर्जा लागते. ओले झिंगे टाकले तर पहिली काही मिनिटे पाणी उडवण्यातच जातात. तोवर आतला झिंगा शिजून पुढे जातो आणि बाहेर रंग येतच नाही.

झिंगे इतक्या लवकर निबर का होतात?

मटणात कठीण तंतू आणि चरबी असते, ते मऊ व्हायला वेळ लागतो. झिंग्याचे मांस नाजूक, कमी चरबीचे असते. त्यातली प्रथिने ५० अंशांच्या पुढे आकसू लागतात. तापमान आणखी वाढत गेले की ती आवळली जातात आणि आतले पाणी पिळून बाहेर टाकतात. मऊ झिंगा आणि रबरी झिंगा यांत अनेकदा दोन मिनिटांचेच अंतर असते.

अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने मासळीसाठी ६३ अंश सेल्सियस हे आतले सुरक्षित तापमान सांगितले आहे. घरी थर्मामीटर नसला तरी खूण सोपी आहे. काचेसारखा दिसणारा करडा झिंगा पांढरट, मोतिया आणि अपारदर्शक झाला, वर केशरी छटा आली आणि तो इंग्रजी ‘सी’ अक्षरासारखा वळला की झाला. शेपूट डोक्याकडच्या टोकाला टेकून ‘ओ’ झाला, तर वेळ उलटून गेली आहे. केशरी रंग मसाल्याचा नसतो. झिंग्याच्या कवचातले आणि त्याखालच्या त्वचेतले रंगद्रव्य कच्चेपणी प्रथिनाशी बांधलेले असते, उष्णतेने ते मोकळे होते आणि रंग दिसतो.

सावजी मसाला इथे अडचणीचा का ठरतो?

सावजी ही हलबा-कोष्टी या विणकर समाजाची पाककला. हातमागाचा धंदा मंदावल्यावर अनेक कुटुंबांनी खानावळी सुरू केल्या आणि नागपूरच्या जुन्या वस्तीतली ही चव सर्वदूर गेली. खसखस, सुके खोबरे, दगडफूल, धणे, मिरे, लवंग असे पदार्थ भाजून वाटायचे आणि भरपूर तेलात परतायचे, ही तिची पद्धत. तिखटासाठी नागपूर जिल्ह्यातल्या भिवापूरच्या मिरचीचे नाव घेतले जाते. या मिरचीला भौगोलिक मानांकन मिळालेले आहे.

ही सगळी रचना तेल आणि रश्श्यासाठी आहे. मिरचीचा तिखटपणा आणि तिचा लाल रंग हे दोन्ही तेलात विरघळतात. तर्री लाल दिसते ती त्यामुळेच. एअर फ्रायरमध्ये कोरडा मसाला भुरभुरला, तर त्याला विरघळायला तेलच मिळत नाही. तो कच्चा आणि पिठूळ लागतो. त्यात पंखा हलकी पूड उडवतो, ती तापलेल्या कॉइलवर जाऊन जळते आणि घरभर ठसका उठतो. आधीच भाजलेले खोबरे आणि खसखस २०० अंशांच्या हवेत पुन्हा भाजली की कडवटपणा येतो.

उपाय साधा आहे. मसाला आधी तेलात परतायचा. पाव किलो झिंग्यांसाठी एक मोठा चमचा शेंगदाणा तेल मंद आचेवर गरम करून त्यात आले-लसणाची वाटण आणि मसाला अर्धा मिनिट परतला, की तिखटाचा कच्चेपणा जातो, रंग सुटतो आणि पूड तेलात बसते. ती मग उडत नाही.

जवसाचे तेल वापरायचे का? जुन्या वैदर्भीय स्वयंपाकात ते आवर्जून असे. पण घाण्याच्या, न शुद्ध केलेल्या जवस तेलातून साधारण १०७ अंशांनाच धूर येऊ लागतो. २०० अंशांच्या डब्यात ते घालण्यात अर्थ नाही. चव हवी असेल तर झिंगे बाहेर काढल्यावर वरून अर्धा चमचा सोडावे.

नागपुरात झिंगे कुठले घ्यावेत?

कोकणात कोळंबी म्हणतात, विदर्भात झिंगे. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या जिल्ह्यांतल्या मामा तलावांमुळे (माजी मालगुजारी तलाव) आणि वैनगंगेमुळे गोड्या पाण्यातल्या झिंग्यांची चव इथे जुनी आहे. ते आकाराने लहान असतील तर मात्र एअर फ्रायरच्या वाटेला जाऊ नये. ते आतपर्यंत शिजतात त्यापेक्षा लवकर सुकतात. वांग्यात किंवा रश्श्यातच ते शोभतात.

शहरातल्या फ्रोझन पाकिटांत बहुतेक वेळा ‘व्हॅनामेई’ जातीची शेततळ्यातली कोळंबी असते. मूळची अमेरिका खंडाच्या पॅसिफिक किनाऱ्याची ही जात भारतात २००९ पासून व्यावसायिक पातळीवर वाढवली जाऊ लागली. आज तिच्या उत्पादनात आंध्र प्रदेश आघाडीवर आहे. जून-जुलैत समुद्रातली मासेमारी बंद असते, तेव्हाही ती मिळते.

पाकिटावर ‘२६/३०’, ‘३१/४०’ असे आकडे असतात. एका पौंडात, म्हणजे सुमारे ४५४ ग्रॅममध्ये, इतके नग बसतात असा त्याचा अर्थ. आकडा लहान तितका झिंगा मोठा. एअर फ्रायरसाठी २६/३० किंवा ३१/४० योग्य. पाकिटातल्या झिंग्यांवर बर्फाचा थर दिलेला असतो, म्हणून बर्फ वगळून निव्वळ वजन किती, हे वाचून घ्यावे.

मुंबईकडून समृद्धी महामार्गाने आले तरी ७०१ किलोमीटरचा रस्ता आहे. त्यामुळे ‘ताजे’ म्हणून उघड्यावर ठेवलेल्या समुद्री झिंग्यांपेक्षा नीट गोठवलेले पाकीट अनेकदा चांगले. अमोनियासारखा उग्र वास, चिकट पृष्ठभाग आणि लोळागोळा झालेले मांस दिसले तर घेऊ नये. पाकीट रात्रभर फ्रिजच्या खालच्या कप्प्यात ठेवून वितळवावे. ओट्यावर, विशेषतः नागपूरच्या उन्हाळ्यात, ठेवू नये. एकदा वितळलेले पुन्हा गोठवू नये.

नेमके करायचे कसे?

साहित्य (पाव किलो सोललेले झिंगे) : सावजी मसाला २ चमचे, भिवापुरी तिखट १ चमचा, हळद अर्धा चमचा, आले-लसणाची वाटण १ चमचा, शेंगदाणा तेल १ मोठा चमचा, ज्वारीचे पीठ १ मोठा चमचा, मीठ, लिंबू, कोथिंबीर.

१. पाठीवरचा काळा धागा काढून झिंगे धुवावेत. तो धागा म्हणजे झिंग्याचे आतडे असते. नंतर स्वच्छ फडक्याने कोरडे टिपून घ्यावेत. ही पायरी गाळू नये.

२. मसाला, तिखट, हळद, वाटण तेलात मंद आचेवर परतून पूर्ण थंड करावे. गरम मसाला लावला तर झिंगे तिथेच शिजायला लागतात.

३. झिंग्यांना मसाला आणि मीठ लावून १५ मिनिटे फ्रिजमध्ये ठेवावे. लिंबू आता पिळू नये. आंबटपणानेही प्रथिने आवळतात आणि पाणी सुटते.

४. डब्यात टाकण्याच्या अगदी आधी ज्वारीचे पीठ चोळावे. ते उरलेला ओलावा शोषते आणि मसाला धरून ठेवते. बेसनाचे पातळ पीठ मात्र चालत नाही, ते जाळीतून गळते.

५. एअर फ्रायर २०० अंशांवर ३ मिनिटे रिकामा तापवावा. झिंगे एकाच थरात, मध्ये जागा सोडून मांडावेत. एकावर एक रचले तर हवा फिरत नाही आणि ते वाफवले जातात.

६. ३ मिनिटांनी उलटावेत, आणखी २ ते ३ मिनिटे ठेवावेत. पाचव्या मिनिटाला एक काढून पाहावा. प्रत्येक यंत्राची आच थोडी वेगळी असते, म्हणून पहिल्या वेळी तीन-चार झिंग्यांवर चाचणी घेतलेली बरी.

७. लगेच ताटात काढावेत. गरम डब्यात ठेवले तर शिजणे थांबत नाही. वरून लिंबू, कोथिंबीर आणि हवे तर जवसाचे तेल.

रस्सा हवा असेल तर तो गॅसवरच. डोकी आणि कवचे फेकू नयेत, पाण्यात १५ मिनिटे उकळून गाळलेले पाणी रश्श्यात घालावे. भाजलेले झिंगे वाढताना त्यात सोडावेत.

आरोग्याला कितपत फायदा?

१०० ग्रॅम कच्च्या झिंग्यांत साधारण २० ग्रॅम प्रथिने असतात आणि चरबी अगदी कमी. कढईत तळताना तेल किती शोषले गेले ते कळत नाही, इथे एक मोठा चमचा म्हणजे सुमारे १२० कॅलरी, तीही सगळ्यांत मिळून. मात्र मसाल्यातले मीठ कमी होत नाही. झिंग्यांची अॅलर्जी असलेल्यांसाठी हवेत भाजणे सुरक्षित नाही. ही अॅलर्जी करणारे मुख्य प्रथिन उष्णतेने सहज नष्ट होत नाही. अशी व्यक्ती घरात असेल तर डबा आणि जाळी घासल्याशिवाय त्यात दुसरा पदार्थ करू नये.

विजेचे काय?

१,५०० वॅटचा एअर फ्रायर २३० व्होल्टवर सुमारे ६.५ अँपिअर वीज ओढतो. घरातले साधे, लहान सॉकेट ६ अँपिअरचे असते. म्हणजे ते पहिल्याच दिवशी मर्यादेबाहेर जाते. जुन्या वायरिंगच्या घरांत सॉकेट तापणे, प्लग वितळणे हा धोका करपलेल्या मसाल्यापेक्षा मोठा आहे. यंत्र १६ अँपिअरच्या पॉवर पॉइंटलाच लावावे, एक्स्टेंशन बोर्ड टाळावा आणि त्याच लाइनवर इंडक्शन किंवा गीझर एकाच वेळी चालवू नये. मागच्या बाजूला गरम हवा बाहेर पडते, तिथे भिंतीपासून वीतभर जागा सोडावी.

खर्चाची काळजी नको. तापवण्यासह १० मिनिटे सलग पूर्ण क्षमतेने चालला तरी पाव युनिट वीज लागते. महाग आहेत ते झिंगे, म्हणून लक्ष घड्याळाकडे हवे.