गाडीचे स्पीकर बदलताना : दामही पारखा, कामही पारखा

मांजरीहून सोलापूर रस्त्याला लागले की व्यापाऱ्याचा अर्धा दिवस गाडीतच जातो. चादरी-टॉवेलच्या खरेदीसाठी सोलापूर गाठायचे म्हटले, की वाटेत तिलावत, नात, कव्वाली नाही तर बातम्या यांचीच सोबत. त्यामुळे नवी गाडी दारात आली, की कंपनीचे स्पीकर काढून ‘कंपोनंट’ स्पीकर बसवा, असा घरातील मुलांचा आग्रह सुरू होतो. आग्रह गैर नाही. मात्र पैसे हजारांत जातात, तेव्हा माल आणि काम दोन्ही समजून घेतलेले बरे.

माणसाच्या कानाला साधारण २० ते २०,००० हर्ट्झपर्यंतचे आवाज ऐकू येतात. एकच पडदा हे सारे आवाज सारख्याच सफाईने काढू शकत नाही. म्हणून कंपोनंट संचात कामाची वाटणी केलेली असते. दारातील मोठा वूफर, बहुधा साडेसहा इंची, जाड व मधला आवाज काढतो. आरशाजवळच्या कोपऱ्यात बसणारा छोटा ट्विटर बारीक आवाज काढतो. दोघांमध्ये ‘क्रॉसओव्हर’ नावाची लहान डबी असते. साधारण ३,००० हर्ट्झच्या आसपास ती आवाजाची विभागणी करते आणि ज्याचा हिस्सा त्याला देते. ‘कोअॅक्सियल’ प्रकारात ट्विटर वूफरच्याच मध्यभागी असतो. तो स्वस्त व बसविण्यास सोपा. कंपोनंटमध्ये बारीक आवाज पायाशी न राहता कानाच्या उंचीच्या जवळ येतो, हा खरा फायदा होय.

आता दामाकडे वळू. खोक्यावर मोठ्या अक्षरांत छापलेले ‘३०० वॉट’ हे बहुधा क्षणभराच्या कमाल शक्तीचे असतात. कापडावरील छापील किंमत आणि खरा भाव यांत जसे अंतर, तसेच हे. पाहायचा तो ‘आरएमएस’ आकडा, म्हणजे स्पीकर सतत पेलू शकेल ती शक्ती. दुसरा आकडा संवेदनशीलतेचा, तो डेसिबलमध्ये असतो. ३ डेसिबलचा फरक म्हणजे शक्तीचा दुपटीचा फरक. ९० डेसिबलचा स्पीकर ५० वॉटवर जेवढा वाजेल, तेवढे वाजायला ८७ डेसिबलच्या स्पीकरला १०० वॉट लागतील. कंपनीच्या साध्या स्टिरिओतून प्रत्येक स्पीकरला प्रत्यक्षात १५ ते २० वॉटच मिळतात. म्हणून अॅम्प्लिफायर घ्यायचा नसेल, तर जास्त संवेदनशील स्पीकर निवडावा. मोठ्या वॉटच्या मागे धावू नये.

कामाबाबत आम्ही स्वतः ठेच खाल्ली आहे. काही वर्षांपूर्वी स्वस्तात काम करून घेतले. आवाज मोठा होता, पण भरीव येईना. पुढे पहिल्याच पावसात आसनाखाली ठेवलेली सूटिंगच्या नमुन्यांची पुस्तके भिजली. दार उघडून पाहिले तेव्हा दोन चुका सापडल्या. एका बाजूच्या स्पीकरच्या तारा उलट जोडल्या होत्या. एक पडदा पुढे जाई तेव्हा दुसरा मागे, त्यामुळे दोघे एकमेकांचा जाड आवाज मारीत होते. दुसरी चूक अशी, की दाराच्या आतील पाणीरोधक पडदा फाडून टाकला होता. काचेवरून उतरणारे पाणी दारात शिरते आणि तळाच्या छिद्रांतून बाहेर पडते. ते पाणी आपल्या बाजूला येऊ न देणे हे त्या पडद्याचे काम.

तेव्हा कारागिराजवळ उभे राहून पुढील गोष्टी पाहून घ्याव्यात. काम सुरू करण्यापूर्वी बॅटरीची ऋण तार काढून काही मिनिटे थांबावे. एअरबॅगच्या तारांना हात लावू नये. कंपनीच्या तारा कापू न देता त्या गाडीचे जोड-कपलर वापरावे, म्हणजे वॉरंटीचा वाद उद्भवत नाही आणि उद्या जुने स्पीकर परत बसविता येतात. वूफरखाली पक्की रिंग व रबरी गॅस्केट हवे. पत्र्याची थरथर थांबविणारी ब्युटिल शीट लावताना तळाची छिद्रे बुजवू नयेत. वूफरच्या तारा सुलट आहेत की नाही, हे क्रॉसओव्हर जोडण्यापूर्वी दीड व्होल्टच्या सेलने कळते : क्षणभर धन टोकाला धन लावले, की पडदा बाहेर यायला हवा. ट्विटरवर हा प्रयोग करू नये.

अॅम्प्लिफायर बसविणार असाल तर अधिक सावध राहावे. २०० वॉट देणारे जुन्या पद्धतीचे यंत्र त्याच्या जवळपास दुप्पट शक्ती ओढते, म्हणजे सुमारे ३० अँपिअर. त्यासाठी थेट बॅटरीपासून जाड तांब्याची तार हवी आणि बॅटरीपासून दीड फुटाच्या आत फ्यूज हवाच. तो नसेल आणि तार पत्र्याला घासून सोलली, तर गाडी पेट घेऊ शकते. दहा-वीस रुपयांचा फ्यूज वाचविण्यात कसली आली काटकसर!

वाचक बंधूंनी या कामाकडे व्यवसाय म्हणूनही पाहावे. पुण्याजवळ चाकणला हार्मन कंपनीचा कारखाना आहे. जेबीएल व इन्फिनिटी ही तिचीच नावे, आणि २०१७ साली सॅमसंगने ती विकत घेतली. मांजरी बुद्रुक २०२१ साली महापालिकेत आली. आजूबाजूला वसाहती वाढल्या, तशा गाड्याही वाढल्या. आपल्या ज्या मुलांनी आयटीआयमध्ये वायरमन किंवा इलेक्ट्रॉनिक्सचे शिक्षण घेतले आहे, त्यांना मल्टिमीटर, क्रिंपिंगचे हत्यार व पॅनेल उघडण्याच्या प्लॅस्टिकच्या पट्ट्या एवढ्या भांडवलावर सुरुवात करता येईल. अट एकच : पक्के बिल द्यावे, खरा वॉट सांगावा आणि काढलेले सामान गिऱ्हाइकाच्या हवाली करावे. नापतोलातील सचोटी कापडाला लागू आहे, तशी तारेलाही.

शेवटी, वस्तीत रात्री १० नंतर आवाजाची कायदेशीर मर्यादा ४५ डेसिबल आहे. शेजाऱ्याची झोप हा त्याचा हक्क आहे. चांगला स्पीकर तोच, जो हळू आवाजातही प्रत्येक शब्द स्पष्ट ऐकवतो.